मुंगी, चंद्र आणि गच्चीवरचा डबा

३ तारीख, मंगळवार

हिशेबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरी राहतात आणि रद्दीत जातात. कोरा कागद टाकणं माझ्या जिवावर येतं, म्हणून यंदा त्यांवर लिहायचं ठरवलं. दुसरं कारण म्हणजे बोलायला माणूस उरलेलं नाही. हे सकाळी समोरच्या चष्म्याच्या दुकानात जातात आणि संध्याकाळी येऊन मला गिऱ्हाइकांच्या डोळ्यांचे नंबर सांगतात. माझं खरं बोलणं सासूबाईंशी. पण काल डॉक्टरांनी त्यांच्या घशात आरसा घालून पाहिलं. आवाजाच्या तारेवर गाठ आहे, एकोणीस तारखेला काढायची. मी विचारलं, "आणि आवाज?" डॉक्टर म्हणाले, "जिवाला धोका नाही. आवाजाचं वचन मी देत नाही."

तोवर गरजेपुरतंच बोलायचं. सासूबाई बाहेर आल्यावर कुजबुजल्या, "दिवसा साठवीन, संध्याकाळी खर्चीन." बचतीची भाषा मला लगेच कळते.

संध्याकाळ म्हणजे पिटुकलीची वेळ. वन्सं, म्हणजे माझी नणंद, समुद्रापलीकडे नोकरीला आहेत. त्यांची पाच वर्षांची लेक दिवेलागणीला आमच्या टीव्हीच्या पडद्यावर येते, आजीकडून गोष्ट ऐकते आणि तिकडे झोपते. गोष्ट एकच, केव्हापासून चाललीय. एक मुंगी चंद्रावर निघालीय. गवताच्या पात्यावरून बोकडाच्या शिंगावर, शिंगावरून धुराड्यावर, आणि आता ती धुराचा दोर धरून वर जातेय. सासूबाई गोष्ट मनानेच रचतात. पोरीच्या पापण्या जड झाल्या की मुंगीलाही तिथेच झोप लागते.

देवा, एकोणीसच्या आत मुंगीला चंद्रावर पोचव. एवढंच मागणं आहे.

५ तारीख, गुरुवार

आज गच्चीवर मोबाइल कंपनीची माणसं चढली होती. पाट्याएवढा पांढरा डबा बसवून गेली. गच्ची वरच्यांची, त्यामुळे आम्हाला विचारायचा प्रश्नच नव्हता.

वरची म्हणजे माझी धाकटी जाऊ. भाऊजी बोटीवर असतात, ती एकटी वर राहते. आमचा अबोला आहे. एकदा जिन्यात ती म्हणाली की खालच्यांकडे पाणीसुद्धा मोजून पितात. त्यावर मी म्हटलं की वरच्यांकडे सगळंच वरवरचं. नंतर कोण आधी बोललं होतं यावर दोघींनी तोंडं बंद केली ती आजतागायत. निरोप सासूबाईंकरवी जातात. त्या चौथ्या पायरीपर्यंत चढतात, त्यापुढे धाप लागते. वरची कठड्यावरून वाकते. मला खाली नुसती कुजबूज ऐकू येते.

आज मी निरोप दिला, "सांगा वरच्यांना, आमच्या वाळत घातलेल्या चादरींवर पायपुसणं झटकू नका म्हणावं. डोळे फुटलेत का?"

सासूबाई जाऊन आल्या. म्हणाल्या, "चुकून झालं म्हणते. पुन्हा नाही होणार. आणि तुझा खोकला कसा आहे विचारत होती. कोमट पाणी घे म्हणाली."

हल्ली तिला बरंच शहाणपण येतंय. वयाचा परिणाम असेल.

६ तारीख, शुक्रवार

मुंगी धुरावरून घसरली. पण तेवढ्यात गोष्टच थांबली. पडद्यावर पिटुकलीचं तोंड अर्धं उघडं राहिलं, एक डोळा चौकोनी झाला. मग आवाज आला, चित्र नाही. मग चित्र आलं, आवाज नाही. सासूबाईंनी तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं, "आणि मुंगीचा पाय सुटला... मुंगीचा पाय सुटला..." साठवलेला आवाज असा मातीत गेला.

आमचं इंटरनेट हवेतून येतं. दुकानात जोडणी होतीच, घराला दुसरी कशाला घ्यायची म्हणून ह्यांनी दुकानाच्या छपरावर एक लहानशी थाळी लावली आणि आमच्या खिडकीत दुसरी. मधल्या रस्त्यावरून ते फुकट उडत येतं. माझीच कल्पना होती. हवा कुणाच्या बापाची नाही, असं तेव्हा मी म्हटलं होतं.

८ तारीख, रविवार

दिवसभर सगळं ठीक असतं. लोक कामावरून घरी येऊन मोबाइल उघडतात, दिवे लागतात, आणि नेमकं तेव्हा अडतं. मुंगी तीन दिवस एकाच ठिकाणी लोंबकळतेय.

वरचीने निरोप पाठवला की हवा तर तिचा मोबाइल घ्या, तो त्या डब्याच्या जोरावर झकास चालतो. सासूबाई नको म्हणाल्या. वीतभर काचेत त्यांना पोर ठिपक्याएवढी दिसते. पापण्या दिसल्या नाहीत तर मुंगीला झोपवायचं कधी? हे तारेच्या जोडणीसाठी अर्ज देऊन आले. रस्ता खणावा लागेल, महिना जाईल.

दुपारी डुलकी लागली. स्वप्नात आमच्या गल्लीवर छपरापासून छपरापर्यंत बारीक सूत ताणलेलं होतं, हजारो पदर, आणि प्रत्येक सुतावरून कुणाचं तरी बोलणं हळूहळू सरकत होतं. कुणी "जेवलास का" म्हणत होतं, कुणी नुसतं हसत होतं. मी गच्चीत उभी राहून हात वर केला, तर बोटांना ओलं लागलं, दहिवर पडल्यासारखं. खूप वेळ तशीच उभी होते. भीती वाटली नाही. जागी झाले तेव्हा उशी सरकून खाली पडली होती.

११ तारीख, बुधवार

ह्यांनी तक्रार केली, त्यामुळे आज कंपनीचा माणूस आला. काटकुळा, पाठीवर पिशवी, कानात कापसासारखं काहीतरी. दारातच म्हणाला, "काकू, लहरी तपासायला आलोय."

मी म्हटलं, "कुणाच्या? ह्यांच्या का सासूबाईंच्या?"

तो हसला. तेव्हापासून त्याचं नाव लहरीवाला. चहा दिला, मग टीव्हीसमोर बसवून सगळं विचारून घेतलं. मॅट्रिकला विज्ञान होतं मला, अगदीच अडाणी नाही.

तो म्हणाला की हवेत न दिसणारे पट्टे असतात. बरेचसे पट्टे कंपन्यांनी सरकारकडून विकत घेतलेले, त्यांचा परवाना लागतो, दुसऱ्याने तिथे पाऊल टाकायचं नाही. पण काही पट्टे मोकळे ठेवलेत. बिनपरवाना. वायफाय, खेळणी, दाराच्या घंट्या, सगळे तिथेच नांदतात. आमची थाळीही तिथलीच.

"मग तुमचा डबा तिथे काय करतो?"

"आमच्या विकतच्या वाटेवर गर्दी झाली काकू. म्हणून थोडी गर्दी मोकळ्यावर आणतो. कायद्यात बसतं."

"कायद्यात बसतं आणि आमच्या डोक्यावर बसतं."

मग त्याने खरी गंमत सांगितली. वायफायला वळण लावलेलं असतं. बोलण्याआधी ते ऐकतं. कुणी बोलत असेल तर गप्प राहतं. दोघांनी एकदम तोंड उघडलं तर दोघं थांबतात, आणि प्रत्येक जण मनाला येईल तेवढा वेळ थांबून पुन्हा बघतो. सारखाच वेळ थांबले तर पुन्हा टक्कर होईल, म्हणून किती थांबायचं हे ठरवून ठेवायचं नसतं. आमच्या गच्चीवरचा डबा मात्र जुन्या पद्धतीचा. तो ऐकत नाही. तो घड्याळावर चालतो, इतका वेळ बोलणार, इतका वेळ गप्प. संध्याकाळी गर्दी वाढली की त्याचं बोलणं लांबतं, गप्प राहणं आखडतं. आणि आमची थाळी बिचारी दारात उभी राहते, हे बोलायचे थांबतील मग मी बोलेन म्हणून.

सासूबाई एवढा वेळ ऐकत होत्या. खर्च करून म्हणाल्या, "म्हणजे आपली थाळी सून आहे. आणि वर सासू बसलीय."

लहरीवाल्याला ठसका लागला. त्या डब्यालाही ऐकायला शिकवता येतं म्हणाला, तशी नवी रीत आलीय. नाहीतर निदान त्याचं बोलणं आखडतं घेता येतं. उद्या गच्चीवर बसून एकेक करून पाहतो म्हणाला.

तो गेल्यावर प्रार्थनेला बसले तर मनात आलं, देवाचा पट्टा परवान्याचा की मोकळा? मोकळाच असणार. तिथेही किती गर्दी! आणि मी रोज उठून बोलायला सुरुवात करते. आज थोडा वेळ गप्प बसून पाहिलं. नळ ठिबकत होता, तेवढंच ऐकू आलं. उठून वॉशर बदलला.

१२ तारीख, गुरुवार

संध्याकाळी तपासणी झाली. काम सोपं होतं. लहरीवाला गच्चीवर डब्यापाशी बसून एकेक बदल करणार. मी खाली पडद्यासमोर, पलीकडून वन्सं नुसत्या बसून राहणार. चित्र चाललं की अडकलं हे मी सांगायचं, जिन्यातून वर कळवायचं, वरचीने ते गच्चीवर ओरडून सांगायचं. तो म्हणाला, "काकू, तुम्हीच जिन्यात येऊन सांगा ना या वहिनींना, पटकन होईल."

मी खाली बघितलं. वरची वर बघायला लागली. सासूबाई उठल्या आणि चौथ्या पायरीवर जाऊन बसल्या. संध्याकाळच्या गोष्टीसाठी आवाज राखायचा, म्हणून सगळं हाताने.

पहिले बदल नीट झाले. चित्र चाललं की सासूबाई बोटाने गोल फिरवत. मग एका बदलाला पिटुकलीच्या आईचं नाकच गालावर गेलं आणि सगळं गोठलं. मी दारातून म्हटलं, "थांबलं!" सासूबाईंनी वर तळहात दाखवला. वर लगेच ओरडा गेला. लहरीवाला उड्या मारत खाली आला, पिशवी बांधलेली, "चला, जमलं!" म्हणाला आणि बस गाठायची म्हणून निघून गेला. जाताना सासूबाईंच्या पायाही पडला. चांगल्या घरातला दिसतो.

मी परत येऊन बघते तर नाक अजून गालावरच. सावकाश सुटेल असं वाटलं.

१४ तारीख, शनिवार

सुटलं नाही. उलट आता संध्याकाळी काहीच येत नाही. पडदा काळा, त्यावर एक गोल फिरत राहतो. सासूबाई त्या गोलासमोर वेळेवर येऊन बसतात, केस विंचरून. काल त्यांनी त्या गोलालाच गोष्ट सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, "कशाला आवाज घालवता?" तर माझ्याकडे असं बघितलं की मी भांडी लावायला निघून गेले.

वन्सं साध्या फोनवर ह्यांच्याशी दुकानात बोलल्या. पोर गोष्टीशिवाय झोपत नाही. मुंगी पडली का, एवढंच विचारत राहते.

लहरीवाल्याचा नंबर वरचीकडे. सासूबाईंकरवी निरोप पाठवला, "म्हणावं, बिघडवून ठेवलंत ते आता निस्तरा." उत्तर आलं, "ती पण काळजीत आहे गं. तो परगावी गेलाय. आणि तुझ्यासाठी खिडकीत औषधी पाल्याची कुंडी लावलीय म्हणाली."

वर कुंडी दिसत नाही. मागच्या बाजूला असेल.

१६ तारीख, सोमवार

पहाटे सासूबाईंचा आवाज गेला. कायमचा नव्हे, डॉक्टर म्हणाले, सुजेमुळे. आज अख्खा दिवस ओठ उघडायचे नाहीत. उद्या थोडा येईल, परवा वापरा, तेरवा शस्त्रक्रिया. म्हणजे दोन संध्याकाळी उरल्या.

दुपारी मी त्यांना म्हटलं, "वर विचारायला हवं, तो माणूस फोनवर भेटला का." त्या पलंगावर आडव्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कूस बदलून डोळे मिटले. एवढ्या थकलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पण घोरत नव्हत्या.

मी जिन्यापाशी गेले. चौथी पायरी रिकामी होती. देवाचं नाव घेतलं आणि चढले. पाचव्या पायरीपासून वरच्या भिंतीचा रंग वेगळा आहे, फिकट निळा. मला माहीतच नव्हतं. पाण्यात चढल्यासारखं वाटलं. वळणावर पोचले तर वरून ती खाली येत होती, पायात चप्पल नाही, हातात मोबाइल.

"मी म्हटलं..." मी.

"ते काय..." ती.

दोघी गप्प झालो.

"चित्र अजून..." मी.

"तो म्हणतोय की..." ती.

पुन्हा गप्प. ती पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडू लागली. मी कठड्यावरची धूळ पुसली. बरीच होती. किती वेळ गेला कोण जाणे. खिडकीतून उन्हाची तिरीप आली होती, तिच्यात कण तरंगत होते, आणि मला वाटलं, आता बोललंच पाहिजे असं काही नाही, नुसतं उभं राहिलं तरी चालेल.

शेवटी तीच म्हणाली, "ताई, तुम्ही आधी."

मी म्हटलं, "चित्र थांबलंय. त्या दिवशीच थांबलं होतं."

"थांबलं होतं?" तिने डोळे मोठे केले. "अहो, सासूबाईंनी हात दाखवला ना, मी म्हटलं बस म्हणतायत, छान झालं म्हणतायत! मी त्याला ओरडून सांगितलं, आता हात लावू नका, असंच ठेवा!"

"अगं बाई! सगळ्यांत वाईट होतं तेच?"

"तेच की! त्याने कुलूप घातल्यासारखं पक्कं करून ठेवलं!"

मला हसू आलं. तिला आधी आलं होतं पण तिने दाबलं होतं. मग आम्ही वळणावर बसून हसलो, तोंडाला पदर लावून, खाली आजारी माणूस निजलंय म्हणून.

लहरीवाला फोनवर भेटलाय म्हणाली. त्याला परगावच्या कचेरीतूनही डब्याचं वळण बदलता येतं. फक्त पडद्यासमोरून कुणीतरी नीट सांगायला हवं, मधल्या मध्ये हात नकोत.

१७ तारीख, मंगळवार

ती आज आमच्या घरात आली. उंबऱ्यात जरा घुटमळली. मी म्हटलं, "ये की. पाणी देऊ? मोजून देते." तिनेही सोडलं नाही, "द्या, वरवर पिते."

पडद्यासमोर दोघी बसलो. मी बघायचं आणि सांगायचं, तिने तिथेच मोबाइलमध्ये बोलायचं. "अडकलं." "अडकलंय हो." "हललं." "हललं म्हणतायत." "आता फक्त आवाज." लहरीवाला पलीकडून म्हणाला की आता डब्याला नवी रीत लावतो, आधी कान, मग तोंड, कंपनीला थोडं जड जाईल, पण वरिष्ठांना सांगेन की घरमालकीण ऐकत नाही. ती म्हणाली, "सांगा, मालकिणी दोन आहेत."

फिरणारा गोल नाहीसा झाला आणि पिटुकली आली. इतकी स्वच्छ, की गालावरचा दुधाचा सुकलेला ओघळ दिसला. बाहेर गल्लीभर दिवे लागलेले, सगळ्यांचे मोबाइल चालू, वर डबाही बोलत असणार आपल्या पाळीला, आणि तरी ही पोर आमच्या खोलीत. मला ते स्वप्न आठवलं. तसंच वाटत होतं, की हवेत दाटी आहे पण धक्का कुणालाच लागत नाही.

पिटुकलीने पहिला प्रश्न विचारला, "मुंगी पडली?"

सासूबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "पडली होती. पण इतकी हलकी होती, की पडता पडता वाऱ्याने तिला वरच नेलं."

१८ तारीख, बुधवार

शेवटची संध्याकाळ. मी दुपारपासून दर घटकेला खिडकीतल्या थाळीकडे बघत होते. हे दुकान लवकर बंद करून आले आणि कोपऱ्यात बसून चष्मे पुसत राहिले. पुसून झालेलेही पुसले.

मुंगी ढगावर पोचली. ढगावर तिला एक म्हातारी भेटली, ती कापूस पिंजत होती. म्हातारी म्हणाली, चंद्र काय, इथून दोन हातांवर आहे. चित्र एकदाही हललं नाही. आवाज शेवटपर्यंत पुरला. अजूनही पुरला असता. मी मनात म्हणत होते, आता चढवा, दोनच हात राहिले! पण सासूबाई म्हणाल्या, "आणि म्हातारीने मुंगीला विचारलं, घाई आहे का गं? मुंगीला काही सुचेना. पुढचं नंतर."

पिटुकली झोपली होती. तरी सासूबाई तिच्याकडे बघत बसल्या, आणि बरंच काही बोलल्या, गोष्टीतलं नव्हे. टोपी घालत जा. आईला उलट बोलू नकोस. तुझ्या आईला लहानपणी अंधाराची भीती वाटायची. इतकं हळू, की आमच्यापर्यंत सगळं पोचलं नाही. पलीकडे पोचत होतं का, कोण जाणे. वन्सं तोंड फिरवून बसल्या होत्या.

नंतर मी विचारलं, "संपवली का नाहीत? वेळ होता ना." त्यांनी माझ्या गालाला हात लावला. बिचाऱ्यांना सुचलं नसेल. म्हातारपणी शेवट जमत नाहीत.

१९ तारीख, गुरुवार

इस्पितळातल्या बाकावर दोघी बसलो होतो. हे डॉक्टरांच्या खोलीपाशी. लांब मार्गिका, पांढरी, टोकाला एक खिडकी, आणि आवाज सगळे कापसातून आल्यासारखे.

धाकटी म्हणाली, "ताई, एक बोलू? तुम्ही रोज माझ्या पाठदुखीची चौकशी करायचात, भाऊजींचं पत्र आलं का विचारायला सांगायचात... मला लाज वाटायची. मी किती टाकून बोलायचे."

मी रोज काय, एकदाही विचारलं नव्हतं. मला तिच्या पाठदुखीचा पत्ताच नव्हता. सांगणार होते, पण सासूबाई आत होत्या, त्यांच्यामागे त्यांना खोटं पाडणं बरं नव्हे. मी नुसतं "असू दे गं" म्हटलं. देव माफ करेल. पण मग मलाही मन मोकळं करावंसं वाटलं, म्हणून मी म्हटलं, "तूही माझ्या खोकल्याचं रोज विचारायचीस. कोमट पाण्याचं सांगायचीस. कुंडी लावलीस. मी विसरलेली नाही."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग एकदम म्हणाली, "हो, हो. त्यात काय एवढं."

स्वभावाने विनयी आहे. केलेलं बोलून दाखवत नाही. इतकी वर्षं मी तिला ओळखलं नाही.

डॉक्टर बाहेर आले. गाठ निघाली. साधी होती, पुन्हा उलटायची नाही. आवाजाचं काय, त्यावर त्यांनी मान हलवली. फार तर श्वासाएवढा राहील, म्हणाले.

२३ तारीख, सोमवार

घरी आणलं. गळ्याला पट्टी, डोळे टवटवीत. पातळ पदार्थ तेवढे जातात. काही हवं असेल तर टाळी वाजवतात. टाळी वर ऐकू जाते, त्यामुळे दोघी एकदम धावतो आणि दारात आपटतो.

घर शांत आहे. पण आधीसारखं नाही. दुपारी पडले असता वरच्या पावलांचा आवाज येतो, पूर्वी डोक्यात जायचा. आज त्याच्यासोबत झोप लागली.

धाकटीने आज एक कुंडी आणून आमच्या खिडकीत ठेवली. माती ओली, रोप नवंकोरं. "वरची जुनी झाली," म्हणाली.

२६ तारीख, गुरुवार

आज पिटुकलीला पुन्हा बोलावलं. मी वन्संना सांगून ठेवलं होतं की आजी बोलणार नाही, पोरीला समजावा. समजावलं असेल. पण पडद्यावर आल्या आल्या ती म्हणाली, "आजी, म्हातारीला मुंगी काय म्हणाली?"

सासूबाईंनी तोंड उघडलं. श्वास आला, त्यावर शब्द नव्हता. नुसती हवा. पोर कान पुढे करून थांबली. सासूबाई पुन्हा प्रयत्न करू लागल्या आणि त्यांच्या गळ्यापाशी शीर ताठ झाली. माझ्याच्याने बघवेना. काय होतंय कळायच्या आत मी म्हटलं, "मुंगी म्हणाली, घाई नाही, पण घरी चूल पेटवायचीय!"

"मोठ्या मामी," पिटुकली म्हणाली, "मुंगीकडे चूल नसते."

"नसतेच," धाकटी म्हणाली, "मोठ्या मामींचं नेहमीचंच आहे, चंद्रावर जाऊनही हिशेब. मुंगी म्हणाली, घाई नाही, पण मला भूक लागलीय. मग म्हातारीने तिला कापसाचा तुकडा दिला, तो तोंडात टाकला तर गोड!"

"किती गोड?"

धाकटी अडली. माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, "पाव चमचा साखरेएवढा. मुंगीला पुरे." मग ती बोलली, मग मी. एकीचं संपेपर्यंत दुसरी थांबत होती, कारण पुढे काय येणार हे दोघींना ठाऊक नव्हतं. मध्येच मी मुंगीला दोन पंख लावले, तर तिने ते लगेच काढून टाकले. म्हणे पंख फुटलेल्या मुंगीचं काही खरं नसतं, म्हण विसरलात का? पिटुकली खुदखुदत होती. सासूबाई उशीला टेकून बघत होत्या, आमच्याकडे नव्हे, पडद्याकडे. एकदम त्यांनी माझा दंड दाबला. मी वर पाहिलं. पोरीच्या पापण्या मिटत आल्या होत्या.

मी आवाज उतरवला. "आणि मुंगी म्हातारीच्या कापसात निजली."

ती झोपली. पलीकडे वन्सं खुर्चीतच डोळे मिटून बसल्या. इकडे सासूबाईंचा डोळाही लागला, तोंड किंचित उघडं. बंद करायचं बटण माझ्या हाताशी होतं. एवढा वेळ फुकट चालू ठेवायची माझी पद्धत नाही. पण दोन्ही खोल्यांतल्या श्वासांचा आवाज येत होता, इकडचा आणि तिकडचा, एकात एक. राहू दिलं.

धाकटी माझ्याजवळ सरकली. कुजबुजली, "ताई, उद्याचं काय? दोनच हात उरलाय चंद्र. पोचवून टाकायची?"

"छे गं," मी म्हटलं, "उद्या वारा सुटेल."